बशीतले वर्तुळ आणि माणसाचे शरीर

एप्रिल २०२१. करोनाची दुसरी लाट ऐन भरात होती. प्राणवायूच्या सिलिंडरसाठी नातेवाईक शहरभर वणवण फिरत होते आणि त्याच दिवसांत एक संदेश घरोघरच्या मोबाइलवर येऊन थडकला. कापूर, लवंग आणि ओवा यांची पुरचुंडी बांधा, तीवर निलगिरी तेलाचे चार थेंब टाका आणि दिवसभर हुंगत राहा. रक्तातला प्राणवायू वाढतो. संदेश पुढे पाठवणाऱ्यांत चांगली शिकलेली माणसेही होती. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण पुरचुंडीने रक्तातला प्राणवायू वाढत नाही. ज्या घरात ऑक्सिमीटरचा आकडा घसरत असताना तिच्यावर विसंबून राहिले गेले, तिथे रुग्णालयात पोहोचायला उशीर होण्याचा धोका होता.

मग हुंगल्यावर नाक मोकळे झाल्यासारखे वाटते ते काय? त्याचे उत्तर विज्ञानाकडे आहे, आणि योगायोग असा की त्याच वर्षीच्या नोबेल पारितोषिकाशी त्याचा संबंध आहे. २०२१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना मिळाले. तापमान आणि स्पर्श आपल्याला कसा कळतो, याचा शोध त्यांनी लावला. थंडावा ओळखणारा मज्जातंतूवरील ग्राहक शोधताना दोघांनीही स्वतंत्रपणे पुदिन्यातल्या मेंथॉलचा उपयोग केला होता. मेंथॉल या ग्राहकाला चेतवते आणि गार हवा आत जात असल्याचा निरोप मेंदूला मिळतो. सर्दी झालेल्यांच्या नाकातून जाणारी हवा उपकरणाने मोजली, तेव्हा मेंथॉल हुंगल्यावर माणसांना नाक मोकळे वाटले, पण हवेचा मार्ग काही रुंदावला नव्हता. जाणीव खरी असते, पण बदल झालेला नसतो. आराम वाटणे आणि आजार हटणे यांतला हा फरक सुगंधी तेलांच्या बाबतीत पदोपदी लक्षात ठेवावा लागतो.

करोना ओसरला, पण तेलांची बाजारपेठ ओसरली नाही. तुळस, गवती चहा, निलगिरी, लवंग, ओवा, टी ट्री, लॅव्हेंडर यांच्या छोट्या बाटल्या आता औषधाच्या दुकानापासून मॉलपर्यंत सगळीकडे दिसतात. त्यांच्या जाहिरातीत एक वाक्य हमखास असते : प्रयोगशाळेत सिद्ध. या दोन शब्दांपुढे ग्राहक मान तुकवतो. म्हणून प्रयोगशाळेत नेमके काय तपासले जाते आणि त्यातून काय सिद्ध होते, हे सामान्य वाचकाला ठाऊक असायला हवे.

मुळात ही तेले शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलासारखी नव्हेत. पाने, फुले, साली किंवा बिया यांतून वाफ सोडतात. वाफेबरोबर वनस्पतीतले उडून जाणारे घटक बाहेर पडतात. ती वाफ थंड केली की पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो. किलोकिलोने पाला लागतो तेव्हा थोडे तेल हाती येते. म्हणजे बाटलीतला एक थेंब हा चहात टाकलेल्या दोन पानांचा भाऊबंद नाही, तर पानांच्या ढिगाचा अर्क आहे. तुळशीची पाने पिढ्यान्पिढ्या खाल्ली जातात म्हणून तुळशीचे तेलही तसेच निर्धोक, हा तर्क इथेच कोसळतो.

प्रयोगशाळेतल्या तपासण्या दोन प्रकारच्या असतात आणि जाहिरात त्यांची सरमिसळ करते. पहिली तपासणी विचारते : बाटलीत आहे काय? दुसरी विचारते : बाटलीतले द्रव्य करते काय?

पहिल्या तपासणीसाठी गॅस क्रोमॅटोग्राफी हे यंत्र वापरतात. तेलाची वाफ एका लांब, बारीक नळीतून सोडली की त्यातले वेगवेगळे घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि त्यांची नोंद कागदावर शिखरांसारखी उमटते. एकेका तेलात असे डझनावारी, कधी शंभरावर घटक असतात. लवंगेच्या तेलात युजेनॉल, निलगिरीच्या तेलात सिनिओल, ओव्याच्या तेलात थायमॉल, गवती चहाच्या तेलात सिट्रल हे प्रमुख. पण प्रमाण जात, जमीन, ऋतू आणि ऊर्ध्वपातनाची पद्धत यांनुसार बदलते. तुळशीचेच पाहा. काही तुळशींच्या तेलात युजेनॉल जास्त असते, तर काहींच्या तेलात मिथाइल युजेनॉल. नावे सख्ख्या बहिणींसारखी, पण २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मिथाइल युजेनॉलची गणना ‘माणसात बहुधा कर्ककारक’ अशा गटात केली. याचा अर्थ अंगणातल्या तुळशीची पाने टाकून द्यावीत असा मुळीच नाही. हे वर्गीकरण घटकाचा स्वभाव सांगते, रोजच्या दोन पानांतला धोका सांगत नाही. पण तुळशीचे तेल रोज थेंबथेंब पोटात घ्या, असा सल्ला देणाऱ्याने आधी बाटलीतली तुळस कोणती हे सांगितले पाहिजे. तेवढे तरी लेबलवर असावे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

बाटलीत काय आहे हे न तपासल्याचा परिणाम किती गंभीर होऊ शकतो, याचेही उदाहरण २०२१ चेच आहे. अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांत चार जणांना मेलिऑइडोसिस हा दुर्मीळ आणि घातक संसर्ग झाला. हा जंतू उष्ण प्रदेशातल्या माती-पाण्यात राहतो. रुग्ण मात्र परदेशी गेलेले नव्हते. दोघे दगावले, त्यांत एक लहान मूल होते. महिनोन्‌महिने शोध घेतल्यावर जंतू सापडला तो खोलीत फवारायच्या, लॅव्हेंडर आणि कॅमोमाइलच्या सुगंधाच्या फवाऱ्यात. तो भारतात तयार झाला होता. लॅव्हेंडरचे तेल जंतू मारते असे प्रयोग कितीतरी आहेत. बाटलीवर त्याचे नाव असूनही जंतू आत जिवंत होता. बाटलीवरच्या नावाने जंतू मरत नाही. द्रव्य, त्याचे प्रमाण आणि स्वच्छता यांची तपासणी प्रत्येक मालाची व्हावी लागते.

आता दुसरी तपासणी. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्राचे विद्यार्थी ती करतात. काचेच्या चपट्या बशीत अगारचा थर ओततात, त्यावर जंतू पसरतात, तेलात भिजवलेली कागदाची छोटी चकती मध्यभागी ठेवतात आणि बशी रात्रभर उबदार पेटीत ठेवून देतात. सकाळी चकतीभोवती जंतू न वाढलेले स्वच्छ वर्तुळ दिसते. वर्तुळ जेवढे मोठे तेवढा आनंद मोठा. प्रयोग चांगला आहे. विद्यार्थ्याला त्यातून शिस्त आणि निरीक्षण शिकायला मिळते, आणि शोधाची सुरुवात अशीच होते. चूक होते ती या वर्तुळाला औषध म्हणण्यात.

एकतर वर्तुळाचा आकार फसवा असतो. अगारमध्ये पाणी असते आणि तेल पाण्यात मिसळत नाही. त्यामुळे जे तेल अगारमध्ये सहज पसरते त्याचे वर्तुळ मोठे येते, जे पसरत नाही त्याचे लहान. जंतू मारण्याच्या ताकदीशी त्याचा थेट संबंध नसतो. तेल मिसळावे म्हणून घातलेले रसायनही निकालात ढवळाढवळ करते. शिवाय ही तेले उडून जातात. एका प्रयोगशाळेतला निकाल दुसरीत जुळत नाही तो बऱ्याचदा यामुळे. म्हणून अनुभवी संशोधक वर्तुळावर न थांबता जंतूंची वाढ रोखणारे किमान प्रमाण मोजतात.

आणि तिथेच खरा हिशेब सुरू होतो. नेहमीची परिणामकारक प्रतिजैविके दर मिलिलिटरला एखाद-दोन मायक्रोग्रॅम एवढ्या प्रमाणात जंतू रोखतात. सुगंधी तेलांना त्यासाठी बहुधा दर मिलिलिटरला मिलिग्रॅमच्या घरातले प्रमाण लागते, म्हणजे सुमारे हजारपट. बशीत तेवढे तेल ओतायला कोणाची हरकत नाही. पण शरीरात? प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असते. त्यात दर मिलिलिटरला एक मिलिग्रॅम तेल पोहोचवायचे तर पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचा भरून शुद्ध तेल लागेल. तेही ते केवळ रक्तातच राहिले तर. प्रत्यक्षात ते चरबीत, मेंदूत, यकृतात पसरते, त्यामुळे कितीतरी अधिक लागेल. आणि निलगिरीचे चमचाभर तेल पोटात गेल्याने प्रौढ माणसे बेशुद्ध पडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. जंतू मारण्याइतके तेल रक्तात पोहोचण्याआधीच रोगी आडवा होईल. फिनाईलही बशीतले जंतू मारते, उकळते पाणीही मारते. ते पिऊन न्यूमोनिया बरा होईल असे कोणी म्हणत नाही, कारण त्यांची बाटली सुंदर नसते आणि तिच्यावर पानाचे चित्र नसते.

हा धोका कागदावरचा नाही. बालरोग विभागातल्या डॉक्टरांना हे चित्र ओळखीचे आहे. रांगते किंवा नुकतेच चालू लागलेले मूल, खालच्या फडताळातली बाटली, साधे फिरकीचे झाकण. किंवा त्याहून वाईट म्हणजे खोकल्याच्या औषधाऐवजी चुकून पाजलेले तेल. कापूर आणि निलगिरी यांचा परिणाम थेट मेंदूवर होतो आणि काही मिनिटांतच आकडी येऊ शकते. लहान मुलात एक ग्रॅम कापूरसुद्धा जीवघेणा ठरू शकतो. वीस टक्के कापूर असलेल्या तेलाच्या एका चमच्यात बरोबर तेवढा कापूर असतो. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच अशा तेलावर बंदी आली आणि त्वचेवर लावायच्या औषधांत कापराची मर्यादा अकरा टक्क्यांवर आणली गेली. लवंगेच्या तेलाचे काही मिलिलिटर पोटात गेल्याने लहान मुलांचे यकृत निकामी झाल्याचीही उदाहरणे आहेत.

मोठ्यांनीही निर्धास्त राहू नये. दक्षिण भारतातल्या रुग्णालयांतील मेंदूविकारतज्ज्ञांनी आकडी आलेल्या प्रौढ रुग्णांना एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली : बाम, तेल, वाफारा यांपैकी काय वापरले? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ३५० रुग्णांपैकी ५५ जणांच्या आकडीचा संबंध अशा तेलांशी जोडता आला. त्यांत प्रामुख्याने निलगिरी आणि कापूर असलेली द्रव्ये होती. काहींना आधीपासून अपस्मार होता, तर काहींना आयुष्यातली पहिलीच आकडी आली होती. आजवर हा प्रश्न कोणी विचारत नव्हता म्हणून उत्तरही मिळत नव्हते. अपस्माराची गोळी नियमित घेऊनही ज्याची आकडी थांबत नाही, त्याच्या उशाशी बामची डबी आहे का, हे प्रत्येक डॉक्टरने विचारायला हवे आणि रुग्णानेही ते न संकोचता सांगायला हवे.

मग ही तेले निव्वळ भुलवणी आहेत का? तसे म्हणणेही तितकेच अशास्त्रीय ठरेल. काही तेलांनी बशीपासून माणसापर्यंतचा पल्ला खरोखर गाठला आहे. लवंगेतले युजेनॉल झिंक ऑक्साइडबरोबर मिसळून दंतवैद्य कित्येक दशके दातात भरत आले आहेत. ठणका कमी होतो. थायमॉल, सिनिओल आणि मेंथॉल असलेल्या गुळण्यांनी दातांवरचा किटणाचा थर कमी होतो, हे माणसांवरच्या चाचण्यांत दिसले आहे. ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये १२४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत टी ट्री तेलाचे पाच टक्क्यांचे मलम मुरुमांवर बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या तुलनेत पाहिले गेले. दोन्हींनी मुरुम कमी झाले. टी ट्रीचा गुण उशिरा आला, पण आग आणि कोरडेपणा कमी होता. पुदिन्याच्या तेलाच्या कॅप्सूल आतड्याच्या चिडखोरपणावर, म्हणजे आयबीएसवर वापरतात. २०२१ मध्ये अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने मार्गदर्शक सूचनांत त्यांना जागा दिली, मात्र पुरावा भक्कम नाही असेही सोबत नोंदवले. त्याच्या आदल्याच वर्षी नेदरलँड्समध्ये १९० रुग्णांवर झालेल्या चाचणीत या कॅप्सूलनी मुख्य कसोटी पार केली नव्हती, पोटदुखीसारख्या काही तक्रारींत मात्र आराम दिसला होता. यश आणि अपयश दोन्ही उघडपणे मांडणे, हीच विज्ञानाची रीत.

या यादीत एक समान धागा आहे. दात, तोंड, त्वचा, आतडे. बहुतेक ठिकाणी तेल जिथे हवे तिथेच थेट पोहोचते. रक्तातून साऱ्या शरीरभर फिरावे लागत नाही. म्हणून परिणामकारक प्रमाण गाठता येते आणि विषबाधाही टळते. शिवाय पुदिन्याचे तेल आतड्यात जंतू मारून गुण देत नाही, ते आतड्याचे स्नायू सैल करते. कॅप्सूलवर जठरात न विरघळणारे आवरण असते तेही उगाच नाही; तेच तेल जठरात सुटले तर अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू सैल होऊन छातीत जळजळ होते. म्हणजे वनस्पती तीच, तेल तेच, पण मात्रा, मार्ग आणि आवरण ठरवायला माणसांवरच्या चाचण्या लागल्या. बशीने हे कधीच सांगितले नसते.

आपल्या देशाला या विषयाकडे हौस म्हणून पाहून चालणार नाही. मेंथॉल देणाऱ्या पुदिन्याच्या तेलाचा सर्वांत मोठा उत्पादक भारत आहे. लखनऊची केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पती संस्था अनेक दशके या पिकांच्या जाती आणि ऊर्ध्वपातनाच्या पद्धती विकसित करते आहे. हजारो शेतकऱ्यांचे पोट या सुगंधावर चालते. त्यांच्या मालाची पत टिकवायची तर ती खोट्या दाव्यांवर टिकणार नाही. एका दूषित फवाऱ्याची बातमी जगभर जाते आणि चांगल्या मालालाही संशयाच्या रांगेत उभे करते.

म्हणून तीन गोष्टी व्हायला हव्यात. पहिली, विद्यापीठांनी वर्तुळे मोजण्याच्या पुनरावृत्तीला आळा घालावा. तेलाचे घटक न मोजता, किमान प्रमाण न काढता आणि मानवी पेशींवरचा विषारीपणा न पाहता केलेला आणखी एक प्रबंध कपाटाच्या कामाचा, रुग्णाच्या नव्हे. त्यापेक्षा दोन-चार संस्थांनी एकत्र येऊन एखादे आश्वासक तेल रुग्णालयातल्या शिस्तबद्ध चाचणीपर्यंत नेले, तर ते खरे योगदान ठरेल. वैद्यकीय महाविद्यालये आणि आयुर्वेद महाविद्यालये यांनी इथे खांद्याला खांदा लावावा. दुसरी, अन्न व औषध प्रशासनाने दाव्यांकडे डोळे वटारून पाहावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० पासून आणि चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना चाप लावणारा कायदा १९५४ पासून आहे. सुगंधासाठी विकलेली बाटली तोंडी सल्ल्यात औषध होते, ही पळवाट बुजवायला हवी. तिसरी आणि सर्वांत सोपी : लहान मुलाला उघडता येणार नाही असे झाकण, आणि लेबलवर ठळक मराठीत ‘पोटात घेऊ नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये’ एवढे दोन इशारे. या उपायाला संशोधनाची वाट पाहावी लागत नाही.

घरापुरते बोलायचे तर नियम थोडेच आहेत. कोणतेही सुगंधी तेल डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय पोटात घेऊ नये, मधातूनही नाही. दोन वर्षांखालील बाळाच्या छातीला, नाकाला कापूर, मेंथॉल किंवा निलगिरी असलेले काही लावू नये. बाळाचा श्वास अडखळू शकतो. शुद्ध तेल थेट त्वचेवर चोळू नये. अपस्मार, दमा किंवा गर्भारपण असेल तर आधी विचारावे. साध्या सर्दीत वाफ घ्यायचीच तर तिच्यात तेल टाकण्याची गरज नाही, आणि उकळत्या पाण्याचे भांडे मुलांजवळ ठेवू नये. वाफाऱ्याच्या नादात भाजलेली मुले रुग्णालयात येतात. मुलाच्या पोटात तेल गेलेच, तर उलटी मुळीच करवू नये, कारण तेल फुप्फुसात उतरते. १०८ ला फोन करावा किंवा तडक रुग्णालय गाठावे आणि बाटली सोबत न्यावी. आकडी येण्याची वाट पाहत घरी थांबू नये.

देवघरात कापूर जळत राहील, ओव्याची शेकही आजीच्या हातून चालू राहील. त्यांना कोणी विरोध करण्याचे कारण नाही. पण यापुढे ‘प्रयोगशाळेत सिद्ध’ असे कोणी सांगितले, तर ग्राहकाने एवढेच विचारावे : बशीत सिद्ध, की माणसात? किती थेंबांनी, किती रुग्णांवर? विकणाऱ्याकडे उत्तर नसेल तर बाटली फार तर सुगंधासाठी घ्यावी आणि वरच्या फडताळात ठेवावी.